भट्टीवाल्याचे पांढरेशुभ्र डोळे

लाटंबार्श्याच्या आमच्या डोंगरावरून मोप्याच्या पठारावर उतरणारं विमान दिसायचं, यात मोठंसं काही नाही. ते कुणालाही दिसतं. मला विमानाच्या जनेलाशी, म्हणजे खिडकीशी, बसलेला माणूस दिसायचा, आणि त्याने सकाळी दाढी केली आहे की नाही तेही. काजूच्या भट्टीवर बसून मी हे सांगायचो आणि माणसं बोंडं तुडवता तुडवता माना डोलवायची. मोप्याला जाऊन त्या पाहुण्याची हनुवटी कोण तपासणार होतं?

माझं नाव सगुण. वय बहात्तर. त्यातली पंचेचाळीस वर्षं काजूची फेणी काढण्यात गेली. त्या जानेवारीत हंगामाच्या तयारीला लागलो आणि भट्टीच्या मांडवाचा डावा खांब जागा सोडून हिंडू लागला. एका आठवड्यात तीनदा येऊन तो माझ्या खांद्यावर आदळला. चौथ्यांदा त्याने कपाळ फोडलं.

माझी बायको शेवंती जखमेला हळद लावताना म्हणाली, "खांब पंचवीस वर्सा थयच असा. तुमीच सरकतास."

"खांबाची बाजू घेतंस?"

"खांबाक जीभ नाय म्हणून घेतंय. उद्या साखळीक जावया."

साखळीला डोळ्यांच्या डॉक्टर आहेत, शालिनीबाई. डिचोली तालुक्यातल्या अर्ध्या गावांचे डोळे त्यांनी उलटसुलट करून बघितले असतील. त्यांनी माझं डोकं एका पांढऱ्या घमेल्यासारख्या यंत्रात घातलं आणि हातात बटण दिलं. समोर बघत राहायचं, आजूबाजूला कुठे बारीक दिवा लागलेला दिसला की बटण दाबायचं. मी दिसला की दाबत होतो, आणि नाही दिसला तरी आता लागेलच या अंदाजाने आगाऊ दाबून ठेवत होतो.

डॉक्टरांनी यंत्रातून निघालेला कागद बघितला. "सगुणबाब, न लागलेले दिवेही तुम्हाला दिसतात असं यंत्र म्हणतंय."

"नजरच तशी असा आमची."

"तर मग परत एकदा करू. या वेळी फक्त लागलेले बघा."

दुसऱ्या खेपेला कागदाच्या डाव्या अंगाला काळं डबकं उमटलं. मग डोळ्यांचा दाब मोजला. उजव्यात सव्वीस, डाव्यात अठ्ठावीस.

आता आमच्या धंद्यात दारूचा कस ग्रावांत मोजतात, पोर्तुगिजांच्या काळापासून. उर्राक, म्हणजे पहिल्या उकळीचा हलका माल, चौदा-पंधरा ग्राव, आणि फेणी अठरा-एकोणीस. अठ्ठावीसचा माल माझ्या आज्यालाही कधी निघाला नव्हता. मी छाती फुगवून शेवंतीकडे बघितलं.

"हा आकडा जितका खाली तितका बरा," डॉक्टर म्हणाल्या. "याला काचबिंदू म्हणतात. डोळ्यात पाणी तयार होतं आणि हळूहळू बाहेर झिरपतं. तुमचं झिरपणं कमी झालंय. आतला दाब वाढून मागची शीर चेपते. दुखत नाही, म्हणून कळत नाही. नजर कडेकडेने खात खात मधे येते. डावीकडची कड गेली ती गेली, ती मला परत आणता येणार नाही. उरलेली राखता येईल. त्यासाठी रोज सांजेला सात वाजता दोन्ही डोळ्यांत औषधाचा एकेक थेंब. आज घातला, उद्या विसरला, असं चालणार नाही. जन्मभर घालायचा."

मग थेंब कसा घालायचा ते त्यांनी सांगायला घेतलं. मी ऐकलं नाही. भट्टीच्या नळीतून पडणाऱ्या थेंबांवर पंचेचाळीस वर्षं ज्याचं घर चाललं, त्याला थेंब पाडायला शिकवायचं म्हणजे माशाला पाण्यात कसं उतरायचं ते सांगण्यातली गत. मी मान हलवत राहिलो. शेवंती ऐकत होती, पण तिला वाटलं मीही ऐकतो आहे.

पंधरा दिवस मी औषध इमानाने घातलं. म्हणजे माझ्या पद्धतीने, उभ्याने, हात वर ताणून. काही डोळ्यात गेलं, काही गालावर. पण जेवढं गेलं तेवढ्याने डोळे रतांब्यासारखे लाल झाले. आणि नेमकं तेव्हाच पहिलं उर्राक निघालं.

तुम्ही म्हणाल, डोळे लाल झाले तर काय बिघडलं. शिक्षकाचे झाले तर काही बिघडत नाही. भट्टीवाल्याचे झाले की संपलं. फेणी काढणाऱ्याने माल जिभेच्या टोकाला लावायचा आणि थुंकायचा. घोट गिळला त्याचा हात सुटला, आणि हात सुटलेल्याच्या मालावर कुणी विश्वास ठेवत नाही. माझ्याबद्दल आजवर नाही नाही ते बोललं गेलं, पण पिणारा असं कुणी म्हटलं नव्हतं. पेडण्याहून दर हंगामात येणारा गुरुदास, माझं जुनं गिऱ्हाईक, माझ्या तोंडाकडे बघून कॅन खाली ठेवत म्हणाला, "सगुणबाब, यंदा आमका देवच्या आदी तुमीच संपयतास काय?"

सगळे हसले. मीही हसलो. घरी आलो आणि बाटली फळीवर मागे सारली.

माझा शेजारी कृष्णनाथ. मूळचा दोडामार्गाकडचा, वीस वर्षं खाणीच्या ट्रकावर ड्रायव्हर. खाणी बंद पडल्या तसा त्याचा ट्रक अंगणात उभा राहिला. आता त्याच्यावर दुधीचा वेल चढला आहे आणि पुढच्या काचेतून दुधी लोंबतात. ट्रक चालत होते तेव्हा रस्त्यावर एवढी लाल धूळ की माणसाला तीनदा धुतल्याशिवाय घरचे घरात घेत नसत. डोळ्यांची तर आग. म्हणून दर ट्रकात देवाच्या तसबिरीखाली एक लहान बाटली असायची. तिला नाव नव्हतं. सगळे धुळीची बाटली म्हणायचे. पहिल्यांदा कुणा ड्रायव्हरला कुठल्याशा डॉक्टराने लिहून दिली असेल. पुढे रिकामी बाटली दुकानात दाखवायची आणि तसलीच भरलेली घेऊन यायचं, एवढाच रिवाज. धूळ बसून वर्षं झाली, कृष्णनाथाची बाटली सुटली नव्हती.

"घाल रे दोन थेंब," तो म्हणाला. "माझे डोळे बघ कशे असत."

त्याचे डोळे ओल्या खोबऱ्यासारखे. मी घातले. दुसऱ्या दिवशी माझेही खोबरं. गुरुदास परत आला, माझ्या डोळ्यांत वाकून बघितलं आणि मुकाट्याने दोन कॅन जास्त घेऊन गेला.

आता राहिली शेवंती. ती रोज डॉक्टरांची बाटली उजेडात धरून किती उतरली ते बघायची. म्हणून मी सांजेला सात वाजता बाटली घेऊन परसात जायचो आणि जास्वंदीला दोन थेंब घालायचो, डाव्या फांदीला एक, उजव्या फांदीला एक. त्या जास्वंदीची नजर इतकी सुधारली की भिंतीपलीकडची बकरी यायच्या आधीच ती पानं मिटून घ्यायची.

सहा आठवड्यांनी साखळीला गेलो. दाब उजव्यात बत्तीस, डाव्यात चौतीस.

डॉक्टरांनी परत मोजला. तेवढाच. "थेंब रोज घालता?"

"दोतोरबाय, सूर्य बुडायच्या आधी माझ्याकडे बघून घेता. सगुणान थेंब घातलो मां, मगे बुडता."

"दुसरं कसलं औषध डोळ्यात? कुणी दिलेलं, दुकानातून आणलेलं?"

"पाणीसुद्धा गाळून लायतंय."

त्यांनी विचार करून दुसरी बाटली वाढवली. त्याआधी दमा आहे का, छाती कधी भरून येते का, नाडी मंद आहे का, सगळं विचारलं, कारण हे औषध दम्याच्या माणसाला चालत नाही. दोन औषधांत पाच मिनिटांचं अंतर ठेवा, नाहीतर दुसरं पहिल्याला धुऊन टाकतं, म्हणाल्या. जास्वंदीला मी पाच मिनिटांचं अंतर ठेवून दोन्ही औषधं दिली. कुचराई केली नाही.

एप्रिलच्या मध्याला तिसरी फेरी. भट्टी ऐन भरात होती. उजव्यात चौतीस, डाव्यात छत्तीस. घमेल्यात डोकं घातलं तेव्हा मी इमानाने बटण दाबलं, आणि तरी डावीकडचं डबकं तळ्याएवढं झालं होतं. उजव्या डोळ्याच्या कागदावर, जिथे आधी स्वच्छ होतं, तिथेही कडेला काळा ठिपका पडला होता.

डॉक्टरांनी नवे कागद जुन्या कागदांशेजारी मांडून बघितले. मग म्हणाल्या, "दोन औषधं हरली, सगुणबाब. आता पाण्याला वाट करून द्यायला ऑपरेशन करावं लागेल. आधी डावा डोळा. पणजीला चिठ्ठी देते, पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला. ऑपरेशन चांगलं होतं, पण शेवटी डोळा कापायचा तो कापायचाच. कधी कधी असलेल्या नजरेतली थोडी त्यातच जाते. वाट बघितली तर मात्र सगळीच जाईल."

शेवंतीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. परत गुंडाळलं.

"एक गोष्ट सांगते," डॉक्टर तिला म्हणाल्या. "इतक्या वर्षांत औषध घ्यायला इतका नेटका माणूस मी दुसरा बघितला नाही. तुमच्या हातून काही राहिलं असं मनात आणू नका." आणि त्यांनी चिठ्ठीत लिहिलं. मला उलटं वाचता येतं. ओळ होती: औषध नियमित घेतात, तरी गुण नाही.

मी आयुष्यभर थापा मारल्या. त्या वाऱ्यावर गेल्या, हसण्यात गेल्या, एखादी कुणाच्या लग्नात परत माझ्याच कानावर आली. पण माझी थाप कुणी कागदावर लिहून घेतली नव्हती. ती आता पणजीला जाणार होती. तिथला डॉक्टर तिच्यावर भरवसा ठेवून माझ्या डोळ्यात सुरी घालणार होता.

"दोतोरबाय," मी म्हटलं, "ता... ता लिव नकात."

"काय?"

"नियमित. ता तसा... म्हणजे मी घालतंय, पण... डोळ्यात नाय. पंधरा दिवस घातलंय. मगे... झाडाक."

"झाडाला?"

"जास्वंदीक."

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघून हसल्या, मुलाकडे बघून हसतात तशा. "ऑपरेशनची भीती वाटते. वाटणारच. तारीख दिली की पुष्कळ जण असंच काहीतरी सांगतात, म्हणजे आणखी महिना मिळावा. मला कळतं."

"नाय, खऱ्यानीच... ती बाटली..." आणि पुढे मला शब्दच सापडेना. विमानातल्या माणसाची हनुवटी मी तासभर सांगू शकतो. हे दोन वाक्यांचं काम होतं आणि जीभ टाळूला चिकटली होती.

शेवंती मधे पडली. "खरा बोलतत ते, दोतोरबाय."

"तुम्हाला माहीत होतं?"

"माका आताच कळला. पण फटी मारताना ह्यांची जीभ अशी अडकणा नाय. चाळीस वर्सा आयकतंय. असा चाचरताना पयल्यांदाच बघलंय." मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात, "माझ्या जास्वंदीक?"

मी खिशातून धुळीची बाटली काढून मेजावर ठेवली. लाली का घालवायची होती तेही सांगितलं, गुरुदासासकट. डॉक्टरांनी बाटलीवरचे बारीक शब्द भिंगाखाली धरून वाचले आणि खुर्चीला टेकून बसल्या.

"सापडलं," त्या म्हणाल्या. "यात स्टेरॉइड आहे. लाली पटकन काढतं, म्हणून लोकांना आवडतं. थोडे दिवस, डॉक्टरच्या देखरेखीखाली द्यायचं औषध आहे हे. कित्येकांच्या डोळ्यात याने दाब चढतो, आणि चढलेला कळत नाही. मी तुम्हाला भाणीखालची लाकडं ओढायला सांगितली होती. तुम्ही दोन महिने आत ढकलत होता."

भाण म्हणजे आमची फेणीची हंडी. तिच्याखाली जाळ जास्त झाला की काय होतं ते मला कुणी सांगायला नको. आजपर्यंत त्या काय बोलल्या त्यातलं मला एवढंच नीट समजलं, पण ते पुरं समजलं.

"ही आजपासून बंद. दुसरी बाटलीही तूर्त नको. पहिलंच औषध, नवी बाटली फोडून, तीन आठवडे. दहा तारीख मी खोडत नाही. त्याच्या आधी या, दाब बघू आणि मग ठरवू."

"आणि लाली?"

"येईल. बहुतेकांची काही आठवड्यांत ओसरते. नाही ओसरली तर माझ्याकडे यायचं, दुसऱ्या जातीची औषधं आहेत. मला न विचारता बंद करायचं नाही आणि शेजाऱ्याची बाटली उघडायची नाही. आता दाखवा बघू कसा घालता."

त्यांनी नुसत्या खारट पाण्याची बाटली हातात दिली. मी उभा राहिलो, हात वर ताणला, नेम धरला. पहिला थेंब मिशीवर, दुसरा कपाळावर.

"मिशीला काचबिंदू नाही," डॉक्टर म्हणाल्या.

त्यांनी मला खाली बसवलं. हात धुवायला लावले. मान मागे. एका बोटाने खालची पापणी ओढून खिसा करायचा, बाटली त्याच्यावर जवळ धरायची, पण तोंड पापणीला टेकू द्यायचं नाही, नाहीतर बोटाची, पापणीची घाण औषधात. एकच थेंब, डोळ्यात दुसऱ्याला जागाच नसते, तो गालावर उतरतो. मग डोळा अलगद मिटायचा, उघडमीट करायची नाही, आणि नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोट दाबून दोन मिनिटं बसायचं. नाहीतर औषध तिथल्या बारीक वाटेने नाकात, घशात उतरतं. डोळ्याला कमी आणि अंगाला जास्त लागतं. फोडलेली बाटली महिन्याने टाकून द्यायची, आत औषध शिल्लक असलं तरी. माझा पाचवा थेंब बरोबर पडला. शेवंतीचा पहिलाच.

दुसऱ्या आठवड्यात डोळे परत रतांबे झाले. गुरुदास कॅन घेऊन आला आणि त्याची भुवई वर गेली.

"परत सुरू, सगुणबाब?"

"सुरू. काचबिंदूचा औषध. रोज सांजेक सात वाजता. बघूक ये."

त्याला वाटलं मी नवी थाप सोडतो आहे, म्हणून तो खरोखरच थांबला. भट्टीवरचे आणखी चार जण थांबले. मी हात धुतले, बाकावर बसलो, पापणी ओढली. थेंब पडला तेव्हा गुरुदासाने वाकून तो डोळ्यातच गेला ना ते बघितलं. दोन दिवसांनी गुरुदास आपल्या थोरल्या बहिणीला, सुशीलाबायला घेऊन आला. तिलाही तसलंच औषध होतं आणि तिचे थेंब निम्मे उशीवर जात होते. माझ्या माल काढण्याच्या हातावर त्यानंतर कुणी शंका घेतली नाही. थेंब पाडायच्या हातावर तर नाहीच.

कृष्णनाथ मात्र ऐकेना. "तुझ्या दोतोरणीक धुळीतला काय कळता? माझे डोळे पांढरे असत."

"माझेपण पांढरे होते. पांढऱ्या डोळ्यानीच आंधळो झालंय असतंय."

"तू सांगतंस आणि मी खरा धरू?"

"माझा नको धरू. मोजून घे."

मेच्या सहा तारखेला तो साखळीच्या बसमध्ये आमच्याबरोबर चढला. फक्त सोबतीला म्हणून, असं त्याने तीनदा सांगितलं. आधी त्यालाच खुर्चीत बसवलं. त्याचा दाब चोवीस निघाला. शीर अजून शाबूत होती. वेळेवर आलात, असं डॉक्टर म्हणाल्या आणि त्याची बाटली मागून घेतली. त्याने शर्टाच्या खिशातून काढली, मग पँटच्या खिशातून दुसरी काढली.

मग मी बसलो. हनुवटी टेकवली. निळा दिवा डोळ्यावर आला. डॉक्टरांनी उजवा मोजला, डावा मोजला, परत उजवा, परत डावा. माझ्या पाठीमागे शेवंती उभी होती. तिच्या बांगड्यांचा आवाज थांबलेला मला ऐकू येत होता.

"सतरा," डॉक्टर म्हणाल्या. "आणि अठरा."

"म्हणजे?"

"म्हणजे औषध हरलं नव्हतं. त्याला कुणी डोळ्यात जाऊच दिलं नव्हतं." त्यांनी चिठ्ठी ओढली आणि दहा तारखेवर आडवी रेघ मारली. "ऑपरेशन नको. आत्ता तरी नको. दर तीन महिन्यांनी दाब, वर्षातून एकदा घमेलं, आणि रोजचा थेंब चुकवायचा नाही."

"आणि डावीकडचा गेला ता?"

"ते गेलं, सगुणबाब. तिकडे मान वळवून बघायची सवय लावा."

सवय लागली. बसमध्ये शेवंती माझ्या डाव्या अंगाला बसली, आणि तेव्हापासून ती रस्त्यानेही त्याच बाजूने चालते. एखादी मोटारसायकल आली की कोपराने ढोसते. त्या बाजूचं मी आता तिच्या कोपरानेच बघतो, आणि ते कोपर चुकत नाही.

सांजेचा थेंब चालूच आहे. लाली जूनमध्ये ओसरली. नाकाच्या कोपऱ्यावर बोट दाबून एका डोळ्याची दोन मिनिटं, दोन्हींची मिळून चार. त्या चार मिनिटांत तोंडातून शब्द काढायचा नाही, बोललं की औषध घशात उतरतं, असा डॉक्टरांचा हुकूम शेवंतीने मला सांगितला. म्हणून मी मिटल्या डोळ्यांनी गप्प बसतो आणि ती समोर बसून चाळीस वर्षांचं साठलेलं बोलून घेते. जास्वंदीचं तर रोज एकदा.

ऑगस्टच्या फेरीला शेवंती बाहेर औषध घेत होती तेव्हा मी डॉक्टरांना विचारलंच, बोलल्याने औषध खरंच बिघडतं का.

"बोलल्याने?" त्या म्हणाल्या. "मी असं कधी सांगितलं?"

परतताना बसमध्ये मी त्यातलं काही काढलं नाही. दाब सोळा आणि सतरा होता, शेवंती डावीकडे बसली होती, आणि सात वाजायच्या आधी आम्हाला घरी पोचायचं होतं.